लोब कुठे शिवावा: मडगावच्या बिनपाटीच्या दुकानाची पारख

मडगावच्या बाजारात कापडवाल्यांची ओळ संपते तिथे एका जिन्याखाली पाद्रींचे कपडे शिवणारे हे दुकान आहे. पाटी नाही, काच नाही, दारात टांगलेला नमुना नाही. ‘पाद्रींचा दर्जी’ कुठे बसतो असे विचारावे. फुलवाले, मेणबत्तीवाले, कुणीही बोट दाखवते. आत दोन शिलाई मशिने, कापायचे एक लांब टेबल आणि भिंतीला पांढरा, हिरवा, जांभळा, लाल असे रंगवार लावलेले तागे. अगदी वरच्या फळीवर गुलाबीचा एकच तागा, तोही अर्धा. पाद्रीला गुलाबी झगा वर्षात दोनच रविवार लागतो, नाताळाआधीच्या आगमनकाळातला तिसरा आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळातला चौथा. ज्याला हे माहीत आहे त्याला त्या अर्ध्या ताग्यावरूनच मालकाची जाण कळते.

इथे शर्ट-पॅन्ट शिवत नाहीत. लोब म्हणजे पाद्रीचा पायघोळ अंगरखा, मिस्सेचे (चर्चमधल्या मुख्य उपासनेचे) झगे, इस्तोल म्हणजे गळ्यातली लांब पट्टी, वेदीवरची कापडे आणि फेस्ताला (चर्चच्या सणाला) कॉन्फ्रारियाचे म्हणजे चर्चच्या मंडळाचे लोक अंगावर घालतात ते ओप-मूस, एवढेच काम. डिचोली-पेडण्याकडचे वाचक म्हणतील, आम्हांला काय त्याचे? त्याचे असे, की गावचा विगार (चर्चचा प्रमुख पाद्री) बदलून जातो तेव्हा निरोपाच्या वर्गणीत वाड्यावरची हिंदू घरेही असतात, आणि शेजारच्या शेतकऱ्याचा मुलगा पाद्री होतो तेव्हा भेट काय द्यायची हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. बहुतेक जण चांदीचे काहीतरी देऊन मोकळे होतात आणि ते कपाटात काळे पडते. कापड द्यावे. पण कापड द्यायचे तर त्यातले थोडे कळायला हवे, नाहीतर तेही कपाटातच जाते.

टेबलामागच्या भिंतीवर संत जॉन मेरी व्हियानींची जुनी तसबीर आहे. व्हियानी हे फ्रान्समधल्या दार्दिली गावच्या शेतकऱ्याचे पोर, जन्म 1786 चा. लहानपणी मेंढ्या राखल्या. राज्यक्रांतीत धर्मगुरूंना लपून राहावे लागे, म्हणून त्यांचे पहिले कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर घेण्याचा विधी) एका घरात चोरून झाले, खिडक्यांसमोर गवताच्या गाड्या उभ्या करून. लॅटिन डोक्यात शिरता शिरेना. गुरुदीक्षा मिळायला 1815 उजाडले. 1818 मध्ये आर्स नावाच्या अडीचशेही वस्ती नसलेल्या खेड्यात त्यांना धाडले आणि 4 ऑगस्ट 1859 ला डोळे मिटेपर्यंत ते तिथेच राहिले, उन्हाळ्यात दिवसाचे सोळा-सोळा तास लोकांचे पापांचे कबुलीजबाब ऐकत. जगातल्या सगळ्या पॅरिश (गावच्या चर्चच्या) पाद्रींचे ते आश्रयदाते संत आणि 4 ऑगस्ट हा त्यांचा सण, म्हणून विगाराला भेट द्यायला लोक हाच दिवस धरतात. शिंप्याच्या भिंतीवर मात्र ते वेगळ्याच कारणाने शोभतात. अंगावरचा लोब विटका, ठिगळांचा. पण वेदीसाठी झगे घ्यायचे म्हटले की हा फाटका माणूस स्वतः लियोंच्या दुकानांत जाऊन सगळ्यांत भारी कापड मागायचा. बिशपांनी मानाची खांद्यावरची झूल दिली, तर ती त्यांनी 50 फ्रँकांना विकून पैसे दानधर्माला लावले.

या दुकानाचा हिशेबही त्याच वळणाचा: अंगचा लोब साधा आणि दणकट, वेदीचे कापड चांगले. गिऱ्हाईक नेमके उलटे मागत येते. मुलगा पाद्री होतोय म्हणून लोबाला चकाकणारे सुटिंग, आणि मिस्सेचा झगा मात्र मुंबईहून कुरियरने आलेला तयार, नायलॉनच्या अस्तराचा. मालक वाद घालत नाही. दोन्ही कापडांचे तुकडे पाण्यात बुडवून गिऱ्हाइकासमोर दोरीवर टाकतो आणि अर्ध्या तासाने हात लावून बघायला सांगतो.

माप घेण्याची रीत बघण्यासारखी आहे. साधा शिंपी हात खाली सोडून उभे करतो नि गळ्यापासून घोट्यापर्यंत फीत टाकतो. इथे ते झाले की म्हणतात, “फादर, आता मिस्सा करतात तसे हात करा.” दोन्ही हात कोपरात वाकवून बाजूला पसरले की बाही मनगटावरून किती वर सरकते ते खडूने टिपतात. मग हात डोक्याच्या वर, मिस्सेत वाईनचा कटोरा उचलतात तसे. मग गुडघे टेकून. शेवटी टेबलाच्या कडेला ओणवे करून पाठीचे माप, कारण दीक्षेच्या दिवशी आणि गुड फ्रायडेला जमिनीवर पालथे पडायचे असते, आणि पाठीत ओढ बसणारा झगा पालथे पडताना खांद्याच्या शिवणीत उसवतो. हात वर केल्यावर बाही साडेतीन-चार सेंटिमीटरांपेक्षा जास्त सरकली तर बगलेत चौकोनी कळी घालतात. तयार झग्यात ही कळी नसते, म्हणून कटोरा उचलला की अख्खा झगा वर जातो आणि खालचे बूट दिसतात.

साडेपाच-पावणेसहा फुटी माणसाच्या लोबाला 147 सेंटिमीटर पन्ह्याचे चार ते साडेचार मीटर कापड लागते; 36 इंची पन्हा असेल तर सात मीटरच्या घरात जाते. दुकानदाराने पाच मीटर सांगितले म्हणजे फसवतो असे समजू नये. मागची घेराची घडी आणि पुढची आतली पट्टी मिळून तेवढे खाते. गोव्यात पांढराच लोब चालतो. काळा फक्त थंड मुलखात शिकायला गेलेल्यांच्या पेटीत. पांढऱ्यात प्रश्न एकच, सुती की टेरिकॉट. शुद्ध सुती अंगाला बरा, पण आटतो. 142 सेंटिमीटर लांबीचा लोब तीन टक्के आटला तरी चार सेंटिमीटरांहून जास्त वर चढतो, आणि पहिल्या धुण्यातच मोजे दिसायला लागतात. म्हणून सुती कापड कापण्याआधी रात्रभर भिजत घालून, न पिळता वाळवून घेतात. हे काम दुकान स्वतः करते. पण कापड तुम्ही आणून दिलेत तर ‘भिजवून घ्या’ असे आपणहून सांगावे लागते, नाहीतर तसेच कापतात. ही त्यांची खोड आहे. 67:33 चा (पॉलिस्टर आणि सुताचे प्रमाण) टेरिकॉट आटत नाही, पावसात रात्रीत सुकतो, चुरगळत नाही. मात्र मे महिन्यात पंख्याखालीसुद्धा घाम आत साठतो. आमच्या मते दोन टेरिकॉटचे, एक सुती असे तीन लोब पुरतात. जुलैत दोन वाळत असतात, एक अंगावर.

आता बटणे. लोबाला 33 बटणे लावायची परंपरा आहे, येशूच्या आयुष्याच्या वर्षांएवढी. गोव्याच्या हवेत ती 33 डोकेदुख्या होतात. बाजारातले कापड मढवलेले बटण आतून पत्र्याचे असते. एका पावसाळ्यात पत्रा गंजतो आणि प्रत्येक बटणाभोवती तपकिरी कडे उमटते. लोक ते मळ समजून ब्लीच ओततात, आणि डाग कायमचा बसतो. गंजाचा डाग क्लोरीनने जात नाही, उलट पक्का होतो. लिंबाचा रस नि मीठ लावून उन्हात ठेवला तर फिकट होतो. जुना असेल तर ऑक्झॅलिक ॲसिडचे पातळ पाणी लागते, तेही हातमोजे घालून. त्यापेक्षा मुळातच आत नायलॉनची वाटी असलेले बटण मागावे. हे दुकान तेच वापरते, आणि केवळ यासाठी मी इथली शिलाई जास्त पडली तरी देईन. आणखी एक सोय सुचवतात: वरची बारा-तेरा बटणे खरी, काजांसकट, कमरेखालची दिखाऊ, आत चेन. सनातनी मंडळी नाक मुरडतात. पण पहाटे सहाच्या मिस्सेला धावणाऱ्या माणसाला विचारा.

स्कूटर हा शब्द माप घेतानाच निघतो. पॅरिशच्या पाद्रीचे निम्मे काम दुचाकीवर चालते: आजाऱ्याला कम्युनियन, शेताकडेच्या क्रुसापाशी लादाईन (सामूहिक प्रार्थना), दफनभूमी, शाळा. साधा लोब घालून स्कूटरवर बसले तर मागचा घेर चाकाकडे लोंबतो. इथे मागच्या मध्यशिवणीला गुडघ्यापर्यंत चीर ठेवून आत एक पाकळी देतात. बसले की उघडते, उभे राहिले की मिटते. बाजूच्या खिशांना आरपार फट असते, पॅन्टच्या खिशातली किल्ली काढायला. आणि छातीच्या आत डावीकडे एक बटणाचा खिसा, आजाऱ्यासाठी ओस्ती (कम्युनियनची भाकर) नेतात ती छोटी डबी आणि तेलाची कुपी मावेल एवढा. तो साधारण बारा सेंटिमीटर खोल हवा. उथळ असला तर वाकताना डबी बाहेर येते. गळ्याची पांढरी पट्टी प्लॅस्टिकची घ्यावी, कापडाची घामाने पिवळी पडते.

लोबावर एवढे लिहिले ते यासाठी, की भेट देणारे त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. सगळ्यांची नजर मिस्सेच्या झग्यावर. तिथेही पैसा चुकीच्या रंगावर जातो. नवीन पाद्रीला पाच माणसे पाच पांढरे-सोनेरी झगे देतात, कारण पहिल्या मिस्सेला पांढरा लागतो आणि फोटो चांगला येतो. पांढऱ्याची खरी गरज नाताळ, पुनरुत्थानकाळ (ईस्टरचे दिवस), मरियामातेचे सण, रक्तसाक्षी (धर्मासाठी मारले गेलेले) नसलेल्या संतांचे सण आणि लग्ने एवढीच. लाल झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरआधीच्या), गुड फ्रायडेला, पेंटेकॉस्टला (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी) आणि रक्तसाक्षींना. जांभळा आगमनकाळ, उपवासकाळ आणि मयताला. उरलेल्या वर्षाला हिरवा, आणि हे उरलेले वर्ष तेहतीस-चौतीस आठवड्यांचे असते. त्यातला मोठा तुकडा पेंटेकॉस्टनंतर सुरू होतो तो आगमनकाळापर्यंत, म्हणजे गोव्यात पहिल्या पावसापासून भात कापून होईपर्यंत. सगळ्यांत जास्त वापर आणि सगळ्यांत ओली हवा, दोन्ही हिरव्याच्याच वाट्याला. एका भरतकामाच्या पांढऱ्या झग्याच्या पैशात इथे साधे हिरवे दोन-तीन शिवून होतात. वर्गणी काढायची असेल तर हिरव्यासाठी काढा.

हिरव्याला कापड कोणते, याचे दुकानाचे उत्तर ठाम आहे: सुती-व्हिस्कोसचे मध्यम वजनाचे, अस्तर फक्त खांद्यावर. पूर्ण अस्तर घातले तर झगा छान पडतो, पण आत आल्ब (झग्याखालचा पांढरा पायघोळ अंगरखा), इस्तोल, त्याखाली लोब किंवा शर्ट असे थर आधीच असतात. अस्तर अजिबात नसेल तर खांद्यावर घामाचा नकाशा उमटतो. खांद्यापासून पंचवीस-तीस सेंटिमीटरपर्यंत सुती मलमलीचे अस्तर, खाली मोकळे, ही मधली वाट बरी निघते. झग्याची रुंदी दोन्ही हात धरून 150 सेंटिमीटरच्या आसपास, लांबी पोटरीपर्यंत. पुढचा-मागचा भाग आणि दुमड मिळून 147-150 पन्ह्याचे तीन मीटर कापड. इस्तोल त्याच ताग्यातून काढून घ्यावा. नंतर काढला तर रंगाचा फरक पडतोच, एकाच गिरणीच्या दोन ताग्यांतही पडतो. इस्तोलची लांबी टोकापासून टोकापर्यंत अडीच मीटर धरतात. पाद्री तो गळ्यात सरळ सोडतो, उपयाजक (पाद्री होण्याआधीची पायरी) डाव्या खांद्यावरून तिरपा घेतो; म्हणून उपयाजकाचा इस्तोल कमरेशी टाचायला हूक लागतो, आणि तोच पुढे पाद्री झाल्यावर वापरायचा असेल तर हूक काढता येण्यासारखा लावून घ्यावा.

जांभळा घेताना एक परीक्षा न चुकता करावी. पांढऱ्या रुमालाचा कोपरा ओला करून कापडावर दहा वेळा घासायचा. रुमालाला रंग लागला तर ते कापड परत. जांभळा मयताला वापरला जातो, मयत पावसातही होते, आणि दफनभूमीत भिजलेल्या झग्याचा रंग आतल्या पांढऱ्या आल्बवर उतरला की दोन्ही गेले. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो ही आजीबाईंची समजूत. आजच्या गिरणीच्या रंगांना मीठ काही करत नाही. लालाला हीच परीक्षा, थोडी कमी कडक.

फेस्ताच्या मिरवणुकीला आणि आशीर्वादाला पाठीवर घेतात ती मोठी झूल, म्हणजे कोप, तिच्याबाबत धोक्याची सूचना: चकचकीत पॉलिस्टर घेऊ नये. धुपाटण्यातल्या निखाऱ्याची ठिणगी सुती कापडावर पडली तर काळा ठिपका पडतो; पॉलिस्टरवर पडली तर कडक कडांचे भोक, जे रफू होत नाही. दुकानात नमुन्याला ठेवलेल्या एका जुन्या कोपच्या उजव्या कडेला अशी ओळीने भोके आहेत, धुपाटणे धरणारा मुलगा नेहमी कुठल्या बाजूला उभा राहायचा ते त्यावरून मोजता येते.

कणसांच्या फेस्ताला (नव्या भाताच्या सणाला) कोप लागतो तेव्हा तर विचार करूनच शिवावा. राय गावात हे फेस्त 5 ऑगस्टला, ताळगावात 21 ऑगस्टला. मिरवणूक इगर्जीतून (चर्चमधून) शेतात जाते, पाद्री पिकाला आशीर्वाद देतो आणि विळ्याने पहिली कणसे कापतो. शेतकऱ्याचा मुलगा असला तर विळा कसा धरायचा ते सांगावे लागत नाही. त्याला नडतो तो झगा. सोबरपेलीसच्या (लोबावरच्या आखूड पांढऱ्या झग्याच्या) बाहीची जाळी विळ्यात अडकते. जमिनीला टेकणारा कोप बांधावरचा चिखल ओढत नेतो. यासाठी इथे कोपची कड जमिनीपासून पंधरा सेंटिमीटर वर ठेवतात, खालच्या दुमडीत वेगळी पट्टी लावतात, मळली तर तेवढीच बदलायची. जाळी मनगटाऐवजी कोपराच्या खाली संपवतात. हे दोन बदल मागावे लागत नाहीत. फेस्ताचे नाव काढले की मालक स्वतःच सांगतो. खाजन (खाडीकाठच्या) शेतातला काळा चिखल ओला असताना घासू नये. पूर्ण वाळू द्यावा, ब्रशने झटकावा, मग थंड पाणी. लाल मातीचा डाग म्हणजे लोहाचाच. त्याला वर बटणांना सांगितलेला लिंबाचा उपाय.

बाकीच्या वस्तू थोडक्यात. आल्ब चांगला, पण गळा उंच शिवून मागावा. आतल्या कपड्याची कॉलर झाकली गेली नाही तर वेगळे गळपट्टीचे कापड बांधावे लागते. कमरेचा गोफ चार मीटरचा घ्यावा, दुहेरी बांधता येतो. वेदीवर पसरतात ते चौकोनी कापड पन्नास बाय पन्नासचे, नऊ चौकोनांत घडी पडेल असे, खऱ्या लिननचे. पॉलिस्टरमिश्रित अजिबात नको, ते पाणीही शोषत नाही आणि वाईनही. यावर भरलेला क्रूस मध्यभागी नको, कटोरा तिथे डगमगतो. पुढच्या कडेच्या चौकोनात हवा. दीक्षेच्या वेळी तेलाने माखलेले हात पुसायचे लिननचे कापडही इथे मिळते. जुन्या रिवाजाप्रमाणे ते आईकडे राहते आणि तिच्या शेवटच्या प्रवासात तिच्या हातात ठेवतात. यावर भरतकाम करून घेणारे असतात. तेल टिपायच्या कापडावर जर भरली तर तेल टिपणार काय?

1969 मध्ये भारतातल्या चर्चसाठी मिळालेल्या परवानगीनुसार एकच अंगरखावजा झगा आणि वरून इस्तोल म्हणजे अंगवस्त्र, असा सुटसुटीत पोशाखही चालतो. तोही हे दुकान शिवते, घरातल्या आणि वाड्यावरच्या मिस्सेसाठी. शेतातल्या घरात पत्र्याखाली मे महिन्यात मिस्सा करणाऱ्याला याहून चांगली भेट नाही. फक्त इस्तोल वरून येणार म्हणून तो खांद्यावरून घसरतो. मानेमागे आतून लहानसा बंद लावून घ्यावा. हा बंद त्यांच्या ठरलेल्या शिलाईत नाही, सांगितले तरच लावतात.

आता तक्रारी, आणि त्या कमी नाहीत. भरतकाम दुकान स्वतः करत नाही, बाहेर कॉम्प्युटर मशिनवर देते, आणि तिथे सगळा घोळ होतो. देवनागरी अक्षरे हवी असतील तर दुप्पट सावध. चर्चचा बहुतेक व्यवहार रोमी लिपीत, त्यामुळे मशिनवाल्याच्या फाँटमध्ये जोडाक्षरे तुटतात: ‘ख्रिस्त’ची वेलांटी एकीकडे, ख दुसरीकडे, आणि रफार तर हमखास बाजूच्या अक्षरावर जाऊन बसतो. टाइप केलेला मजकूर पाठवू नये. हवे तेवढ्या आकारात कागदावर छापून किंवा हाताने लिहून द्यावे आणि आधी एका चिंधीवर भरलेला नमुना मागावा. एक सेंटिमीटरपेक्षा लहान अक्षर भरू नये, पोटातल्या जागा धाग्याने बुजतात. जर खऱ्या धातूची नको. खाऱ्या हवेत दोन वर्षांत काळवंडते. आणि पाठीवर दोन फुटांचा भरलेला क्रूस म्हणजे नाकापेक्षा मोती जड: मागचा भाग ओढला जातो, पुढचा गळ्याशी चढतो, पाद्री अख्खी मिस्साभर एका हाताने गळा खाली ओढत राहतो.

दुसरी तक्रार पैशांची. दर लिहिलेले नाहीत. कापड, शिलाई, भरतकाम असे तीन आकडे वेगवेगळे मागून चिठ्ठीवर लिहून घ्यावेत. एकगठ्ठा आकडा घेतला तर शेवटी भरतकामाच्या नावाखाली वाढतो. अर्धे पैसे आगाऊ. तिसरी तारखेची. 3 डिसेंबरचे जुन्या गोव्याचे संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त आणि पुढे नाताळ, म्हणून ऑक्टोबरपासून इथे नवीन काम घेतले तरी वेळेवर मिळत नाही, हे गृहीत धरावे. फोनवर ‘झाले, झाले’ म्हणतात. झाले म्हणजे कापून झाले.

म्हणून दीक्षेच्या घरांनी उलटे मोजावे. साळगावच्या सेमिनारीनंतर (पाद्री घडवणाऱ्या शाळेनंतर) राशोलच्या सेमिनारीत तीन वर्षे तत्त्वज्ञान, चार वर्षे धर्मशास्त्र. एवढी वर्षे वाट बघितलेले घर शेवटच्या महिन्यात जागे होते. उपयाजक झाल्यापासून पाद्रीची दीक्षा होईपर्यंत निदान सहा महिने जावे लागतात, असा चर्चचाच कायदा आहे. हे सहा महिने शिंप्यासाठीच आहेत असे समजावे. पहिल्या महिन्यात माप आणि कापड, तिसऱ्यात पहिला घालून बघण्याचा फेरा, आणि तोही बूट घालून, चपलेवर नव्हे. पाचव्यात एकदा धुवून परत घालून बघायचा. भरतकाम असेल तर ते कापडावर शिवण्याआधी होते, शेवटी नव्हे, हे लक्षात ठेवले तर निम्मा उशीर टळतो. घरचे बजेट आखडते असेल तर क्रम असा: दोन लोब, एक आल्ब, एक हिरवा, एक पांढरा. जांभळा-लाल इगर्जीत असतातच. सावंतवाडीकडून मागवणाऱ्यांनी माप फोनवर देऊ नये. अंगाला नीट बसणारा जुना लोब किंवा शर्ट पाठवावा, सोबत हात वर केल्यावरची बाहीची लांबी लिहून.

जपणूक दुकान विचारल्याशिवाय सांगत नाही, म्हणून इथे. मेणबत्तीचे मेण सांडले तर बर्फाने कडक करून खरवडावे, मग वर-खाली तपकिरी कागद ठेवून कोमट इस्त्री. गरम इस्त्रीने मेण जाते आणि पॉलिस्टरही. तेलाच्या डागावर आधी टाल्कम पावडर, रात्रभर, मग साबण. खळ घालून कपाटात ठेवू नये, कसर खळीसाठीच येते. झगे हँगरवर महिनोन्‌महिने टांगले की खांद्याला शिंगे येतात. रुंद, उथळ खणांत आडवे ठेवावेत, आणि कपाट चिऱ्याच्या भिंतीला चिकटून नको, मागे चार बोटे हवा हवी. पावसाळ्यात ऊन पडेल त्या दिवशी कपाट उघडे टाकावे. मिस्सा होऊन काढलेला घामट झगा लगेच घडी करून ठेवणे हे बुरशीचे सर्वांत मोठे कारण. वेदीवरची लिनन धोब्याकडे थेट देत नाहीत. पहिले पाणी इगर्जीतच काढून जमिनीत सोडायचे असते, झाडाच्या मुळाशी.

सामान ताब्यात घेताना उरलेले कापड मागायला विसरू नये. ते तुमचेच असते, पण मागितल्याशिवाय मिळत नाही. टेबलाखालच्या पोत्यात जाते. लोबाचा निदान हातभर तुकडा, हिरव्याचा तेवढाच, आणि चार जादा बटणे एका पिशवीत घालून घ्यावीत. तुकडाही लोबाबरोबर प्रत्येक वेळी धुवावा. पाच वर्षांनी कोपरावर ठिगळ लावायची पाळी येते तेव्हा कोरा तुकडा जुन्या पांढऱ्यावर लांबून दिसतो.